सावळ्या रंगाचं देणं

हौशी फोटोग्राफर आपले फोटो माझ्यापुढे ठेवून मत विचारतात, तेव्हा माझ्या तोंडून निघतं ते बहुतेक काकांचंच असतं. कोल्हापुरात त्यांचा छोटा स्टुडिओ होता. फोटोतला चेहरा तपासायचा कसा, हे मी तिथे शिकलो.

काका आधी उजेड पाहत. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परतवणारं आहे, असं धरून चालतं. पांढरा पटका बांधलेला सावळा शेतकरी समोर बसला की ते पटक्याला भुलतं, एक्स्पोजर कमी पडतं आणि चेहरा काळवंडतो. काका मीटर चेहऱ्याजवळ नेऊन मोजत आणि पटक्याच्या घड्या उडू नयेत म्हणून लाइट थोडा खाली वळवत. मग खालून पांढरा पुठ्ठा धरून डोळ्यांखालची सावली हलकी करत. म्हणायचे, “मीटरला उजेड कळतो रे, माणूस तू ओळखायचास.”

रंगीत छपाईत अडचण वेगळी होती. लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची जी कार्डं वापरत, त्यांवर वर्षानुवर्षं गोरी स्त्रीच असे. ती ‘शर्ली कार्डं’. त्याच त्वचेला प्रमाण मानल्यावर आपल्याकडचा गव्हाळ, सावळा रंग नीट उतरणार कसा? म्हणून काका रोलबरोबर एका सावळ्या बाईंचा उत्तम उतरलेला प्रिंट पाठवत. ‘असा रंग हवा’, एवढंच त्यावर लिहिलेलं असे.

लग्नाच्या फोटोसाठी आईवडील मुलीला घेऊन येत आणि हळूच सांगत, “जरा गोरी करा.” काका म्हणत, “उजेड भरपूर देतो. रंग तिचाच राहील.”

रिटचिंग त्यांना वर्ज्य नव्हतं. कृष्णधवल निगेटिव्हवर ते टोकदार पेन्सिलीने काम करत. डोळ्यांखालची सुरकुती निगेटिव्हमध्ये विरळ असते. तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये ती फिकी होते. पण ते तिला फिकीच करत, पुसत नसत. “मुरूम आठवड्यात जाईल, तो काढ. तीळ जन्माचा, तो ठेव.”

आज पेन्सिलीच्या जागी स्लायडर आले. एका ओढीत त्वचेवरची रंध्रं नाहीशी होतात आणि साठीची बाई मेणाची दिसू लागते. पूर्ण जळालेला कपाळावरचा उजेड रॉ फाइलमधूनही परत येत नाही. अंधारातला चेहरा फार उचलला तर नॉइज वर येतो. मी हे सगळं सांगतो, पण पहिला प्रश्न काकांचाच विचारतो : हा माणूस घरच्यांना असाच दिसतो का?

काकांनी माझ्याकडून कधी फी घेतली नाही. आता ते नाहीत. नव्या पोरांच्या फोटोंत सावळा रंग शाबूत राहावा म्हणून मी हट्टाने बोलतो, ते त्यांच्याच देण्यापोटी.