पावणेतीन मिलिमीटर

मॉडेल रेल्वेच्या नादी लागलेल्या माणसाला एक दिवस फूटपट्टी चावते. मला चावली ती ब्रॉडगेजमुळे.

माझं स्केल एचओ, म्हणजे १:८७. त्याच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, खऱ्या जगात १४३५ मिमी. हे झालं युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १६७६. म्हणजे माझ्या रुळांत १९.२६ मिमी अंतर हवं. पावणेतीन मिलिमीटरची चोरी! एकदा ती दिसली की दुसरं काही दिसतच नाही. मग वळणं मोजली. आपल्याकडे ब्रॉडगेजला कडकात कडक वळण १७५ मीटर त्रिज्येचं, स्केलमध्ये दोन मीटर. नुसता एक गोल टाकायला चार मीटर रुंद खोली हवी. आमची बेडरूम दहा बाय अकरा फूट. आणि कर्जत-लोणावळा हा २८ किलोमीटरचा घाट जसाच्या तसा करायचा तर टेबल सव्वातीनशे मीटर... असो.

तरी दीड वर्ष शनिवार-रविवार मी डब्यांना धूळ फासत, खडी चाळत, टाकलेले रूळ उखडून पुन्हा टाकत बसलो. लेक विचारायची, "बाबा, आज तरी चालणार का गाडी?" पुढे तिने विचारणंच सोडलं. ते लक्षात यायलाही मला महिना लागला.

दिवाळीला आप्पा आले. उभी नोकरी घाटात मालगाड्या हाकण्यात गेलेली. ते चुका काढणार म्हणून मी आधीच गेजबद्दल सारवासारव सुरू केली. त्यांनी चष्मा चढवून टेबलाला एक फेरी मारली. "ते राहू दे रे. उताराला कॅच सायडिंग कुठाय?"

नव्हतं. बेफाम सुटलेली गाडी जिरवायला घाटात बाजूला चढाचा रूळ काढलेला असतो. सांधा एरवी त्याच्याकडेच लावलेला. उतरणाऱ्या गाडीने आधी थांबून दाखवायचं, मगच सांधा मेन लाईनला लागतो.

तासाभरात उखडलेल्या रुळांतूनच एक फाटा काढला, टोकाला उशी ठेवली. लेक ड्रायव्हर, आप्पा सांधेवाले. मला गार्ड केलं, म्हणजे काहीच काम नाही. रूळ तेच, १६.५ वाले.

भाऊबीजेला ती खुणेच्या दोन बोटं पुढे जाऊन थांबली.

"आजोबा, थोडंसंच गेलं ना!"

आप्पांनी सांधा हलवला नाही. "गार्डसाहेब, रिपोर्ट लिहा."