चुंबळ, तागडी, चवळी

चुंबळ. जुन्या लुगड्याची पट्टी पिळून गोल गुंडाळायची, शेवट आत खोचायचा. डोक्यावर पाटीखाली ठेवायची, पाटी उतरली की चुंबळ कमरेला. मधोमध टाळूच्या मापाचा खळगा, घामानं काळा आणि गुळगुळीत. पुण्याच्या मंडईतला घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, पाटीच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आले. आता मंडईत चुंबळ एखाद्याच म्हातारीकडे दिसते. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकाही अशीच चुंबळ वापरतात. तिथून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्यांच्या लेकीसुनांनीही ती डोक्यावर धरली. ओझं पेलायची रीत आईकडून लेकीकडे गेली, ती कुणाला हिसकावता आली नाही. चुंबळ जात असेल तर जाऊ दे. मानेचं दुखणंही तिच्याबरोबर जावं.

तागडी. आता वजनकाटा बॅटरीवर चालतो. शेर फक्त सव्वाशेराच्या म्हणीत उरला.

रे मार्केट. मंडईचं हे जुनं नाव पुसलं गेलं, फार बरं झालं. जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षं नगरपालिकेचे सभासद होते. एवढा पैसा मंडईपेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई 1886 मध्ये उघडली आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या खटपटीनं तिला जोतीरावांचंच नाव मिळालं. त्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापली, तेव्हा अमेरिकेतली गुलामी कायद्यानं संपून जेमतेम 8 वर्षं झाली होती. ती संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना त्यांनी पुस्तक अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना मोकळं करावं, ही आस त्या अर्पणपत्रिकेतच आहे. पुण्यात बसलेल्या माळ्याच्या मुलाला समुद्रापलीकडच्या गुलामांचं दुःख घरचं वाटलं. भाजी घ्यायला आले की मला हे दर वेळी आठवतं.

चवळी. मूळची आफ्रिकेतली, ज्वारीसारखीच. आपल्याकडे ती हजारो वर्षांपूर्वी आली. अमेरिकेत गेली ती गुलामांच्या जहाजांतून. तिथली काळी कुटुंबं आजही नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भाताबरोबर चवळी शिजवतात, वर्ष सुखाचं जावं म्हणून. मंडईत आता सगळीकडे टपोरी, पांढरी, पाकिटातली चवळी. बारीक तांबडी गावठी शोधावी लागते. परवा मंडईबाहेर वेल्ह्याकडच्या एका बाईच्या फडक्यावर दोन ढीग दिसले. लहान ढिगाला हात लावला, तर तिनं तो ओंजळीनं मागे ओढला.

“ही इकायची न्हाई. बियाला हाय.”