औषध आणि श्वास

औषध रोगास मारतें हें खरें; परंतु कांहीं औषधांस रोग कोणता व रोगी कोणता, हा भेद पुरता कळत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या काकांस हॉजकिन्सचा आजार, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाला आणि आम्हां सर्वांस याचा प्रत्यय आला.

काकांस दर पंधरवड्यास चार औषधें शिरेवाटे देत. त्यांपैकीं एकाचें नांव ब्लिओमायसिन. जपानी शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांनीं तें एका सूक्ष्मजंतूपासून मिळवून १९६६ सालीं जगापुढें मांडलें. कर्करोगाच्या पेशींतील डीएनएचे धागे तें तोडतें. शरीराच्या बहुतेक अवयवांत या औषधास निष्प्रभ करणारें एक विकर असतें. फुप्फुसांत व त्वचेंत मात्र तें फार थोडें. म्हणून कांहीं रोग्यांच्या फुप्फुसांस इजा होते, वायुकोशांभोंवतीं व्रणासारखें तंतूंचें जाळें धरतें आणि प्राणवायू रक्तांत उतरणें अवघड होतें.

तिसऱ्या महिन्यांत काकांस कोरडा खोकला लागला. जिना चढतांना धाप लागूं लागली. सांगितलें तर औषध बंद होईल व रोग उलटेल, या भीतीनें ते गप्प राहिले. काकूंनीं मात्र डॉक्टरांस सर्व सांगितलें. तपासण्या झाल्या, ब्लिओमायसिन थांबलें, उरलेलीं तीन औषधें चालू राहिलीं. वाढलेल्या हॉजकिन्स रोगावरील एका मोठ्या संशोधनांत २०१६ सालीं असें दिसून आलें कीं, दोन फेऱ्यांनंतरच्या पेट स्कॅनमध्यें रोग दिसेनासा झाल्यास पुढें हें औषध वगळलें तरी फळांत फारसा फरक पडत नाहीं. काकांचा स्कॅन तसाच निघाला होता. तें ऐकून घरांतील सर्वांच्या जिवांत जीव आला.

आज काका बरे आहेत. मात्र टेकडी चढतांना अर्ध्यावर थांबतात. खिशांत ते एक चिठ्ठी बाळगतात. पुढें कधीं शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांस हें औषध घेतल्याचें आधीं कळावें, एवढ्यासाठीं ती आहे. कारण अधिक प्राणवायूनें अशा फुप्फुसांस पुन्हां इजा होण्याचा संभव असतो.

बालमित्रहो, घरांतील आजाऱ्यास धीर देणें हें आपलें कर्तव्य खरेंच. पण त्याचा बारीकसा खोकला ऐकून तो वेळीं डॉक्टरांच्या कानीं घालणें, हेंही धैर्याचेंच काम आहे.