रेस दिली की आवाज जातो

शनिवार. सकाळचे सव्वासहा. ऑफिसच्या दिवशी या वेळेला मला अलार्मसुद्धा उठवू शकत नाही. पण त्या दिवशी मी गोरेगावच्या बाजूने आरे कॉलनीत शिरले होते. जॉगिंग? नाही. बर्ड वॉचिंग? तेही नाही. मला माझ्याच गाडीतली एक शिट्टी नीट ऐकायची होती. सोबत बाबा, मांडीवर त्यांची टूलबॅग आणि थर्मासमध्ये चहा.

शिट्टीची स्टोरी अशी. बोनसच्या पैशातून मी सेकंड हँड हॅचबॅकमध्ये सॉलिड म्युझिक सिस्टिम बसवून घेतली. नवा स्टिरिओ, सीटखाली अँप्लिफायर, डिकीत सबवूफर. हायवेवर ऐकताना जाम खूश होते मी. मग एकदा रात्री उशिरा आरेतून पवईकडे जाताना किशोरीताईंचा आलाप लावला आणि तानपुऱ्याच्या चार तारांबरोबर मला पाचवी ऐकू आली. ऊंऽऽऽ... अॅक्सिलरेटर दाबला की ईंऽऽऽ! पाय काढला की परत खाली. गाणं बंद केलं तरी ती आपली चालूच.

एकदा ऐकू आली ना, की मग संपलंच. कुठल्याही गाण्यात दुसरं काही ऐकूच येईना. सिस्टिम बसवणाऱ्याकडे गेले, तर तो म्हणाला, "मॅडम, इतका आवाज तर प्रत्येक गाडीत असतोच." वर आवाज घालवणारी एक डबी विकायला काढली.

घरी हे सांगितल्यावर बाबा उखडले. बाबा म्हणजे एका कारखान्यात, प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन. "डबी लावून आवाज दाबायचा नसतो. तो येतो कुठून ते शोधायचं," म्हणाले. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याचा पंप, शेजारी बांधकाम, समोर रिक्षा स्टँड. शोधणार काय, कप्पाळ? म्हणून आरे. शहरातले तबेले बाहेर हलवायला १९४९ मध्ये वसवलेली ही दूध वसाहत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये इथली झाडं पडली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रो ३ आरेपासून धावायला लागली. तरी सकाळी सहाला छोटा काश्मीरच्या पुढे गाडी बंद करून बसलात, तर आजही स्वतःचा श्वास ऐकू येतो. उपनगरात एवढी शांतता फुकट मिळणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. (बिबट्यांनाही बहुधा म्हणूनच आवडत असावी. काच अर्धीच खाली केली होती मी.)

बाबांनी शाळेतल्यासारखी परीक्षा घेतली. इंजिन बंद, स्टिरिओ चालू. आवाज नाही. इंजिन चालू. आला! हेडलाइट आणि एसी लावला, वाढला. "अल्टरनेटर," बाबा लगेच म्हणाले.

फंडा सोपा आहे. इंजिन पट्ट्याने अल्टरनेटर फिरवतं, त्यात एसी करंट तयार होतो आणि आतले डायोड त्याचा डीसी करतात. पण तो डीसी इस्त्री केल्यासारखा सपाट नसतो, त्यात बारीक चुण्या राहतात. अल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितक्या चुण्या भराभर येतात. बॅटरी त्या बऱ्याच गिळते. पण कुठेतरी वायरिंगमध्ये पळवाट मिळाली, की त्या गाण्यात घुसतात. तीच ती शिट्टी.

इथपर्यंत आमचं एकमत. मग बाबा म्हणाले, "पण एक विचित्र आहे गं. रेस दिली की आवाज जातो."

"जातो? अहो बाबा, रेस दिली की तर कानात घुसतो!"

"छे. स्लोला आहे. रेस दिली की गुल. म्हणजे कुठला तरी कॉन्टॅक्ट लूज आहे आणि व्होल्टेज वाढलं की तो जमतोय."

मी परत रेस दिली. ईंऽऽऽ. बाबा शांतपणे मान हलवत, "बघ, गेला." सकाळी साडेसहाला आरेच्या रस्त्यावर आम्ही दोघं भांडतोय आणि मॉर्निंग वॉकवाले काका-काकू वळून वळून बघतायत. मला वाटलं, बाबा आता हट्टीपणा करतायत. त्यांना वाटलं, मी उगाच फॅन्सी काहीतरी ऐकतेय.

शेवटी मी मोबाइलवर ते आवाजाचा आलेख दाखवणारं अॅप लावलं आणि फोन स्पीकरसमोर धरला. स्लोला आलेखावर एक टोक उभं राहिलं, साधारण १२०० हर्ट्झला. रेस दिली तसं ते टोक उजवीकडे सरकायला लागलं. २०००, २५००, ३०००... बाबा चष्मा वर करून बघत होते. टोक सरकत होतं, पण नाहीसं होत नव्हतं.

"म्हणजे आहे तर," ते म्हणाले.

मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मी इंजिन बंद करायला हात नेला, तर म्हणाले, "थांब. परत दे रेस. हळूहळू दे. मला ऐकू यायचा थांबला की मी हात वर करतो."

त्यांनी डोळे मिटले. मी काटा सावकाश वर नेला. दोन हजारच्या जरा अलीकडे हात वर झाला. परत केलं. परत तिथेच. मी मनातल्या मनात हिशेब करत होते. माझ्या इंजिनाला दोन हजार आरपीएम म्हणजे शिट्टी तीन हजार हर्ट्झच्या आसपास. त्याच्या वरची दुनिया बाबांसाठी बंद होती. पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झला वाजते, एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि मग डोक्यात धडाधड गोष्टी जुळायला लागल्या. घरातला टीव्ही, जो खालच्या मजल्यालाही ऐकू जातो. 'हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात' ही त्यांची कायमची तक्रार. आईचा डायलॉग, 'यांना सात म्हटलं की हे आठला येतात!' आम्ही किती हसलो होतो त्यावर. पण 'स' हा सगळा वरच्या पट्टीतला आवाज. तो गाळून बघा, 'सात'चं काय उरतं ते. बाबांच्या कानापर्यंत खरंच 'आत' किंवा 'आठ'च पोचत होतं.

प्रेसच्या धडाधडीत तीन दशकं काढलेल्या माणसाचा कान सगळा एकदम जात नाही. आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग तो रुंद होतो. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण समजत नाही. म्हणून आपण बहिरे होतोय हे त्याच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेल्या रोगांच्या यादीतसुद्धा हा बहिरेपणा होता. बाबांना ते माहीत होतं. "कानात कापूस घालायचो आम्ही," म्हणाले. कापूस!

तुम्हाला वाटेल, मग शिट्टी राहिली बाजूला. अजिबात नाही. बाबा उलट पेटलेच. "आता तू माझा कान. चल, पुढची टेस्ट."

अँप्लिफायरमधून सिग्नलच्या आरसीए वायरी उपटल्या. शिट्टी बंद. म्हणजे अँप सुटला, घोळ त्याच्या आधी. मग त्याच जागी माझा मोबाइल जोडला, चार्जरला न लावता, स्वतःच्या बॅटरीवर. एकदम क्लीन! बाबांचा चेहरा उजळला. "बॉडी अर्थ," म्हणाले. स्टिरिओचा अर्थ डॅशबोर्डमागे, अँपचा मागे. दोन्ही ठिकाणी गाडीचा पत्राच, पण दोन जागांत व्होल्टेजचा थोडा फरक पडला, की तो फरक सिग्नलच्या वायरीतून वाट काढतो. मोबाइलचा पत्र्याशी संबंधच नाही, म्हणून तो गप्प.

सीट सरकवून कारपेट उचललं आणि पचका कळला. अँपची काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर एका स्क्रूखाली नुसती पिळून दाबलेली. रंग म्हणजे इन्सुलेशनच की हो! मीटर लावला. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. अँपचा अर्थ आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात जवळपास ०.४ व्होल्ट.

पुढचा पाऊण तास बाबांचा. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत घासली. वायर कापून वीतभर ठेवली, तिला लग क्रिंप केला, दातेरी वॉशर घालून बोल्ट पान्याने आवळला आणि गंज चढू नये म्हणून वरून व्हॅसलीन. स्टिरिओच्या अर्थलाही हाच पाहुणचार. पॉवरची जाडी वायर आणि आरसीए एकाच गठ्ठ्यात बांधल्या होत्या. त्यांची फारकत केली, एक डावीकडून, एक उजवीकडून. मीटर परत लावला तर ०.०३. इंजिन चालू केलं. आलाप लावला. चार तारा.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"रेस दे."

दिली. "गेला, बाबा."

मीटर बघत ते म्हणाले, "मला तर मगाशीच गेला होता." आणि थर्मास उघडला.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायला मात्र मला तीन आठवडे लागले. 'मला काय झालंय' हा धोशा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, याच कामाची. तिथे बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर आलेला आलेख डावीकडे ठीकठाक आणि ३००० पासून घाटात उतरावा तसा खाली. आरेत हात वर झाला होता, तिथेच. तपासणाऱ्या मॅडमना बाबांनी अभिमानाने सांगितलं, "हे आम्ही गाडीत आधीच काढलं होतं."

आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिले काही दिवस वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायचे. टीव्ही खाली आला, आईचा आवाज मात्र सवयीने अजून वरच आहे.

गेल्या रविवारी परत आरेतून निघालो होतो. सिस्टिम चालू, काचा बंद, आलाप अगदी स्वच्छ. मी मनातल्या मनात खूश. बाबांनी एकदम हात वर केला.

"काय झालं?"

"तुझ्या डॅशबोर्डचा कुठला तरी स्क्रू ढिला आहे. किरकिरतोय. तुला ऐकू येत नाही?"

मला खरंच ऐकू येत नव्हता. गाडी बाजूला घेतली.