स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि त्याची तटबंदी

१७ मार्च २०१९ ला मनोहर पर्रीकर गेले. मुंबई, अमेरिका, दिल्ली, सगळीकडे उपचार झाले होते. तेव्हापासून आपल्या पालीत हा प्रश्न किती जणांकडून ऐकलाय: एवढा मोठा माणूस, मग औषध लागू का पडलं नाही? माझ्या मामांना हाच आजार निघाला तेव्हा मीही त्याच्या मागे लागलो.

स्वादुपिंडाच्या गाठीत कॅन्सरच्या पेशी बऱ्याचदा कमीच असतात. बाकीची गाठ म्हणजे त्यांच्याभोवतीचे चिवट तंतू, ते विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी आणि फितूर झालेल्या प्रतिकारपेशी. सरसगडाचा कातळ डोळ्यांसमोर आणा. आत दाब इतका की रक्तवाहिन्या चेपून जातात. केमो जाणार रक्तातूनच, आणि वाटच बंद! इम्युनोथेरपीनं काही कॅन्सरमध्ये कमाल केली, पण इथे बहुतेकांना उपयोग होत नाही. शरीराचे सैनिक आत पोचतच नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण.

मग तट पाडा की! तेही करून झालं. तटातला हायलुरोनन हा चिकट पदार्थ विरघळवणारं औषध केमोबरोबर दिलं. मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला, रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. त्याआधी २०१४ मध्ये उंदरांतले हे फायब्रोब्लास्ट कमी करून पाहिले, तर गाठ उलट जास्तच पिसाळली. म्हणजे जो तट शत्रूला लपवत होता, तोच त्याला थोडाफार कोंडूनही ठेवत होता. मी हे वाचून गारच पडलो. म्हणून आता तट पाडण्यापेक्षा त्यातल्या पेशींना शांत करायचे प्रयत्न चाललेत. व्हिटॅमिन डीसारख्या एका रेणूनं उंदरांत केमोचा परिणाम वाढला होता. (लगेच मेडिकलमधून गोळ्या आणू नका, ते औषध वेगळं.)

हे सगळं हाताशी येईपर्यंत खरा आधार वेळेवर झालेल्या ऑपरेशनचा, आणि निदान होतं तेव्हा ते पाचातल्या जेमतेम एकाला शक्य असतं. मामांची कावीळ उतरवायला दीड महिना झाडपाला चालला. पोटात दुखत नव्हतं, म्हणून सगळे निर्धास्त. पण न दुखणारी कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, उतरत जाणारं वजन, हे दिसलं तर सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅनचं विचारा. टाटाचं केंद्र परळइतकंच आता खारघरलाही आहे.

आपल्याकडच्या शिबिरांत बीपी-शुगर तपासतात. पन्नाशीनंतर नव्यानं शुगर निघालेल्याला "वजन किती उतरलं?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. पुढच्या शिबिराच्या टेबलावर हा प्रश्न मी स्वतः लिहून चिकटवणार आहे.