पोटदुखीचे ढोंग नव्हते

माझी धाकटी मुलगी आठ वर्षांची असतानाची, २०१६ सालची ही गोष्ट. शाळेची वेळ झाली की तिचे पोट दुखायचे. बेंबीजवळ हात दाबून ती रडायची. मी म्हणायची, "शाळा बुडवायचं ढोंग करतेस." एकदा तर ओढतच शाळेत सोडून आले. सासूबाईंनी कुळथाचे कढण दिले, शेजारणीने पानफुटी सांगितली. यात तीन महिने गेले.

एके सकाळी तिला लघवी लालसर झाली, तेव्हा माझे हातपाय गळाले. सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात २२ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलं कमरेऐवजी बेंबीपाशी बोट दाखवतात, म्हणून घरचे फसतात."

"पोट फाडावं लागेल का?" यांनी विचारले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. बारीक खडा पुष्कळदा आपोआप पडतो. त्याहून मोठा बाहेरून लहरींचा मारा करून, नाहीतर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून फोडतात. हा फारच मोठा, म्हणून पाठीला लहानसे छिद्र पाडून दुर्बिणीने फोडून काढायचा.

भूल देऊन तिला आत नेले. ते दोन तास आम्ही बाकावर एकमेकांशी बोललो नाही. बाहेर आली तेव्हा पाठीत नळी होती. शुद्धीवर येताच तिने विचारले, "आई, आता खरं वाटलं ना?" मला उत्तर देता आले नाही.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. खडा तपासायला पाठवला आणि चोवीस तासांची लघवीही तपासली. लघवीतून कॅल्शियम जास्त जात होते. मुलांच्या खड्यामागे बरेचदा असा दोष असतो. तो शोधला नाही तर खडा पुन्हा होतो. मी दूध बंद करणार होते, डॉक्टरांनी थांबवले. दूध चालू ठेवा, मीठ, पापड, वेफर्स कमी करा आणि पाणी भरपूर द्या, असे त्यांनी सांगितले.

"शाळेत पाणी पितेस का?" डॉक्टरांनी तिला विचारले. ती हळूच म्हणाली, "नाही. प्यायलं की जावं लागतं. तिथं घाण असते, दाराला कडी पण नाही."

भरलेली बाटली रोज तशीच परत यायची. मी ती मोरीत ओतत होते, पण कारण कधी विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही पाच-सहा आया मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. महिन्याभरात कडी बसली, नळाला पाणी आले.

भगिनींनो, आज संध्याकाळी मुलीची बाटली उघडून पाहा. भरलेली असेल तर रागावू नका, तिला जवळ घेऊन विचारा.