मुंबई ८, मदनपुरा

मलकापूरच्या आमच्या घरात कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात अम्मीने मनीऑर्डरची कुपनं जपून ठेवली आहेत. पाठवणारे आमचे मरहूम अब्बा. पत्ता प्रत्येक कुपनावर तोच : सांकली स्ट्रीट, मदनपुरा, मुंबई ८.

आमचं घराणं मोमीन, मूळचं बऱ्हाणपूरकडचं. हातमागावर पोट भरेना म्हणून अब्बा १९६३ मध्ये मुंबईला गेले आणि एका कापड गिरणीत विणकर म्हणून लागले. वीस वर्षं तिथेच काढली. ईदला घरी येत, आठ-दहा दिवस राहत आणि परत जात. या वीस वर्षांत अम्मीने मुंबई एकदाही पाहिली नाही. तिने हट्ट धरला की अब्बा म्हणत, "तिथे बायकामाणसांची सोय नाही." पण पत्रात लिहीत, "खोली हवेशीर आहे, पंखा आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नकोस." अम्मीने यावरून एकच अर्थ काढला होता : हे मजेत राहतात आणि मला इथे चूल फुंकायला ठेवलंय. अब्बांच्या इंतकालाला सोळा वर्षं झाली, तरी हा सल काही गेला नव्हता.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत अम्मी म्हणाली, "मला एकदा ती गल्ली दाखवा." तिचं वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखणारे. आम्ही नवरा-बायको, बारावीतली मुलगी आणि अम्मी असे चौघे मलकापूरहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने निघालो. सुमारे पाचशे किलोमीटरचा हा प्रवास अब्बांनी किती वेळा, बहुतेक उभ्यानेच, केला असेल!

सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर पडलो. रस्त्यापलीकडेच अंजुमन-ए-इस्लामची देखणी दगडी इमारत आहे. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये ही संस्था सुरू केली. पुढे १८८७ मध्ये तय्यबजी राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्षही झाले. आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक. ही नावं वर्गात कितीदा सांगितलेली, पण ती इमारत समोर पाहून थोडा वेळ थांबावंसं वाटलंच.

तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई. मागच्या गर्दीत मुंबईची जामा मस्जिद आहे. कोकणी मुस्लिम नाखुदे आणि व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही मस्जिद १८०२ मध्ये पूर्ण झाली. तिची खासियत अशी की ती एका जुन्या तलावावर कमानी उभारून बांधलेली आहे. आजही खाली पाणी आहे आणि पाण्यात मासे आहेत. आम्ही जोहरची नमाज तिथे अदा केली. तेवढा वेळ घरच्या बायका समोरच्या अत्तराच्या दुकानात बसल्या. बाहेर आल्यावर अम्मीने पहिला प्रश्न केला, "मासे दिसले का? हे सांगायचे, मस्जिदीत मासे आहेत. मला वाटायचं, थापा मारतात."

मोहम्मद अली रोडवर डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल जातो, सुमारे अडीच किलोमीटरचा. गाड्या वरून निघून जातात आणि खरी मुंबई खालीच राहते : मिनारा मस्जिद, टोप्या-तसबीहांची दुकानं, अफलातून मिठाईचे डबे, हातगाडीवाल्यांची "बाजू, बाजू". पुढे भेंडीबाजार. इथे सुमारे साडेसोळा एकरांवर जुन्या इमारती पाडून उंच मनोरे बांधायचं काम सुरू आहे आणि पहिले मनोरे उभेही राहिले आहेत. जवळच रौदत ताहेरा आहे. बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या या संगमरवरी मकबऱ्यात आतल्या भिंतींवर संपूर्ण कुरआन कोरलेला आहे. याच भागात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं दगावली होती. टेकू दिलेल्या चाळी आणि त्यांच्या शेजारी काचेचे मनोरे पाहून मुलगी म्हणाली, "दादीजान, दादाजानची इमारत असेल का अजून?" अम्मी काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीने नागपाड्याला उतरलो. सआदत हसन मंटो पाकिस्तानात जाण्यापूर्वी याच परिसरात राहत असत. आज नागपाडा बास्केटबॉलसाठीही ओळखला जातो. एका मैदानात हिजाब घातलेल्या दोन मुली बास्केटमध्ये चेंडू टाकत होत्या, आणि आमची मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

तिथून मदनपुरा जवळच. उत्तर प्रदेशातून आलेल्या जुलाहा-मोमीन विणकरांनी ही वस्ती भरली. आसपासच्या गिरण्यांच्या विणकाम खात्यांत त्यांचा हात मोठा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप लांबत गेला आणि हजारो संसार मोडून गेला. अब्बाही वर्षभर वाट पाहून १९८३ मध्ये रिकाम्या हाताने मलकापूरला परतले. आता मदनपुऱ्यात बॅगांचे कारखाने आहेत. गल्लीगल्लीत शिलाई मशीनची घरघर चालू असते.

सांकली स्ट्रीटवर आम्ही कुपन हातात घेऊन विचारत फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या एका बुजुर्ग गृहस्थांनी चष्मा लावून पत्ता वाचला आणि म्हणाले, "इमारत आहे. चला, मी येतो." अंधारा लाकडी जिना. अम्मीला दोघींनी हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं. त्या खोलीत आता शाळेच्या दप्तरांचा कारखाना. पाच मशीन, कापडाचे गठ्ठे आणि वर पोटमाळा. सात-आठ पोरं काम करत होती. बहुतेक बिहारची. रात्री तिथेच झोपतात.

खोलीला खिडकी नव्हती.

अम्मी दारात उभी राहिली. "इत्ती-सी खोली!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. बुजुर्ग म्हणाले, "तेव्हा इथे अठरा-वीस माणसं असायची, बहन. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच जागेवर अंग टाकायचे. उन्हाळ्यात सगळे फुटपाथवर झोपायचे." अम्मीने विचारलं, "पंखा?" ते हसले. "गिरणीत होता."

एका पोराने स्टूल पुसून पुढे केलं. अम्मी बसली. बराच वेळ ती त्या पोटमाळ्याकडे पाहत होती. मग तिने दुपट्ट्याने डोळे पुसले आणि दोन्ही हात उचलून अब्बांसाठी दुआ मागितली. मशीन थांबली. पोरांनीही हात उचलले आणि "आमीन" म्हटलं. उठताना अम्मीने त्यातल्या सर्वांत लहान मुलाला विचारलं, "घरी काय सांगतोस, बेटा? कसा राहतोस म्हणून?" तो लाजून म्हणाला, "अच्छा हूँ, बोलता हूँ."

जिना उतरताना अम्मी म्हणाली, "मी त्यांच्याशी वीस वर्षं भांडले. ते गेल्यावरही भांडले. त्यांनी एकदा तरी खरं सांगायचं ना!" आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगितलं असतं तर अम्मीने त्यांना परत जाऊ दिलं नसतं, आणि मग आमच्या शाळेची फी कुठून आली असती? पण ते न सांगितल्यामुळे एक बाई आयुष्यभर मनात कुढत राहिली, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी हाजी अलीला गेलो. भरती होती. वाटेवर पाणी चढलं होतं, त्यामुळे आत जाता आलं नाही. किनाऱ्यावरच बसलो. अम्मी अब्बांच्या आठवणी सांगत होती आणि पहिल्यांदाच त्यांत तक्रार नव्हती.

मुंबईला आपल्याकडची माणसं राणीची बाग आणि चौपाटी पाहायला जातात. जरूर जावं. पण घरातल्या कुणी त्या शहरात कष्ट केले असतील, तर त्यांची गल्लीही शोधावी. वडीलधाऱ्यांना सोबत न्यावं. सकाळी लवकर निघावं, जिने चढायचे असतील तर पाणी आणि वेळ दोन्ही जवळ ठेवावं. पत्ता जुना असला तरी मोहल्ल्यात विचारलं की सांगणारा कुणीतरी भेटतो.

सुट्टी संपून शाळा भरली. पहिल्या तासाला मुलांनी दप्तरं बाकावर ठेवली. नवी, लाल-निळी. आम्ही एक उचलून उलटसुलट पाहिलं, शिलाई पाहिली. कुणी शिवलं असेल? "अच्छा हूँ" सांगणाऱ्या एखाद्या पोराने?

अल्लाह अब्बांची मगफिरत करो. आणि घरापासून दूर राहून घर चालवणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप आपल्या माणसांत पोहोचवो. आमीन.